सादरीकरणाचीं नवीं साधनें : एक तुलना

बोलणाऱ्याच्या पाठीमागें भिंतीवर कांहींतरी दिसावें आणि जें कानांनीं ऐकावयाचें तें डोळ्यांनींहि पाहतां यावें, ही मनुष्याची हौस आजकालची नव्हे. हॉलंडमधील शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यानें १६५९ च्या सुमारास दिवा, भिंग आणि रंगविलेली कांच यांच्या साह्यानें भिंतीवर चित्र पाडण्याची युक्ति साधली. पुढें तिलाच मॅजिक लँटर्न हें नांव पडलें. महाराष्ट्रांत कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें अशा दिव्याचे खेळ केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं पुराणांतील चित्रें पडद्यावर पडत आणि त्यांच्या जोडीला निवेदन चाले. चित्र मुकें होतें. त्याला अर्थ येई तो सांगणाऱ्याच्या वाणीनें. आजच्या साधनांची पारख करतांनाहि ही जुनी गोष्ट विसरून चालणार नाहीं.

कांचेमागून फिल्म आली, फिल्मच्या जोडीला पारदर्शक कागद आले आणि शेवटीं संगणक आला. १९८७ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गॅस्किन्स, डेनिस ऑस्टिन आणि त्यांचे सहकारी यांनीं मॅकिंटॉश संगणकासाठीं ‘पॉवरपॉइंट’ सिद्ध केलें. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें १ कोटी ४० लक्ष डॉलर देऊन तें त्यांच्या कंपनीसह विकत घेतलें. तेव्हांपासून सुमारें पस्तीस वर्षे काम एकाच रीतीनें चाललें. मजकूर माणसानें लिहावयाचा, चित्र माणसानें शोधावयाचें, चौकटी माणसानें आंखावयाच्या. संगणकानें फक्त तें नीटनेटकें दाखवावयाचें.

३० नोव्हेंबर २०२२ रोजीं ‘चॅटजीपीटी’ लोकांसाठीं खुलें झालें आणि ही वांटणी बदलली. २०२३ सालापासून अशीं साधनें भराभर पुढें आलीं कीं, ज्यांना विषयाची एक ओळ दिली असतां तीं कांहीं मिनिटांत दहा-बारा स्लाइड्स शीर्षकें, मुद्दे आणि चित्रें यांसह उभ्या करून देतात. शाळेंतील शिक्षक, सहकारी संस्थेचा चिटणीस, औषधें विकणारा प्रतिनिधि, प्रबंध मांडणारा विद्यार्थी, या सर्वांपुढें त्यामुळें एकच प्रश्न उभा राहिला आहे. इतक्या साधनांतून कोणतें घ्यावें, आणि त्याच्यावर कोठवर विसंबावें?

या प्रश्नाच्या उत्तरासाठीं प्रथम कामाचे भाग पाडून पाहिले पाहिजेत. एका सादरीकरणांत पांच कामें असतात. पहिलें, काय सांगावयाचें तें ठरविणें. दुसरें, तें कोणत्या क्रमानें सांगावयाचें तें ठरविणें. तिसरें, प्रत्येक स्लाइडवर अक्षरें व आकृति यांची मांडणी करणें. चौथें, चित्रें मिळविणें. आणि पांचवें, जें मांडलें तें खरें आहे कीं नाहीं हें ताडून पाहणें. नवीं साधनें पहिल्या चार कामांत कमीअधिक हात देतात. पांचवें काम मात्र माणसाकडेच राहतें. गोंधळ होतो तो चार कामें झालेलीं पाहून पांचवेंहि झालें अशी समजूत होते म्हणून.

असें कां होतें हें समजण्यासाठीं या यंत्राच्या बुद्धीची रीत थोडक्यांत जाणून घेतली पाहिजे. या साधनांच्या पोटांत भाषेचें एक प्रतिमान असतें. त्याला अगणित ग्रंथ, लेख आणि इतर मजकूर दाखवून एकच गोष्ट शिकविलेली असते : इतके शब्द आले असतां पुढचा शब्द कोणता येणें संभवतें? या शिक्षणाला पुढें आणखी संस्कार दिले जातात. पण मूळ पाया तोच. कीर्तनाला नित्य बसणारा मनुष्य बुवांनीं अर्धें वाक्य उच्चारतांच उरलेलें मनांत पुरें करतो, त्यांतलाच हा प्रकार, मात्र अफाट प्रमाणावर. त्यामुळें यंत्राची वाक्यें सफाईदार असतात. परंतु ‘संभवनीय’ आणि ‘सत्य’ या दोन निराळ्या वस्तु आहेत. जेथें विषय सर्वपरिचित, तेथें त्या बहुधा एकत्र नांदतात. जेथें विषय स्थानिक किंवा विरळ, तेथें त्यांची फारकत होते. आणि यंत्राच्या बोलण्याचा सूर दोन्ही ठिकाणीं सारखाच खात्रीचा असतो.

उदाहरणासाठीं एक प्रसंग घेऊं. पुण्यांतील एखाद्या शिक्षकास नववीच्या वर्गापुढें पानशेतच्या पुराविषयीं दहा स्लाइड्स मांडावयाच्या आहेत अशी कल्पना करावी. १२ जुलै १९६१ रोजीं आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खालच्या अंगास असलेलें खडकवासल्याचें जुनें धरणहि टिकलें नाहीं, आणि मुठेच्या कांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. इतका सांगाडा यंत्र बहुधा बरोबर देईल. परंतु मृतांची संख्या वेगवेगळ्या ठिकाणीं वेगवेगळी लिहिलेली आढळते. यंत्र त्यांतील एक आंकडा उचलील आणि मोठ्या ठळक अक्षरांत, मध्यभागीं, जणुं कांहीं वाद नाहींच अशा रीतीनें मांडील. चित्र मागितलें तर पुराचें चित्रहि तें तयार करील. पण तें १९६१ च्या पुण्याचें छायाचित्र नसून कल्पनेनें रंगविलेलें कोणत्यातरी गांवचें दृश्य असेल. ज्या घराण्यांनीं त्या दिवशीं माणसें गमावलीं त्यांचीं नातवंडें त्याच वर्गांत बसलेलीं असूं शकतील. त्यांच्यापुढें खोटें चित्र खऱ्याच्या जागीं लावणें ही साधी चूक म्हणतां येणार नाहीं.

तेव्हां साधनांची तुलना करतांना केवळ कोणतें सुंदर आणि कोणतें जलद, एवढेंच पाहणें पुरेसें नाहीं. चार कसोट्या लावाव्या. मजकूर कोठून येतो? तयार झालेल्या स्लाइडवर मागाहून सहज हात फिरवितां येतो काय? सादरीकरण त्या साधनाच्या बाहेर काढून, इंटरनेट नसलेल्या खोलींतहि दाखवितां येतें काय? आणि मराठी अक्षर त्याच्या हातून कसें उमटतें?

प्रथम मायक्रोसॉफ्टचा ‘कोपायलट’ घेऊं. याची घोषणा मार्च २०२३ मध्यें झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मोठ्या कचेऱ्यांना तो मिळूं लागला. त्या वेळीं त्याचा दर माणशीं दरमहा ३० डॉलर होता. त्याचा मोठा गुण असा कीं, तो पॉवरपॉइंटच्या घरांतच राहतो. वर्डमध्यें लिहिलेला अहवाल त्याच्या स्वाधीन केला असतां त्यावरून तो स्लाइड्स करतो आणि बोलणाऱ्यासाठीं टिपणेंहि जोडूं शकतो. तयार होणारी फाइल नेहमींचीच असल्यामुळें प्रत्येक अक्षर, प्रत्येक चौकट हातानें बदलतां येते आणि कोणत्याहि संगणकावर उघडतां येते. दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीस हें साधन उत्तम उतरतें. मांडणींत मात्र तें पुष्कळदां रुक्ष वाटतें : शीर्षक, खालीं चार मुद्दे, बाजूस एक चित्र. ज्याचा अहवाल आधींच लिहून तयार आहे आणि ज्याच्या कचेरींत हीं साधनें आधींपासून आहेत, त्याला हें सोयीचें.

‘गॅमा’ची जात निराळी आहे. तें इंटरनेटच्या ब्राउझरमध्यें चालतें आणि त्याच्या स्लाइडला ठराविक उंची असावी लागत नाहीं. मजकूर वाढला तर पान खालीं वाढतें, म्हणून तिला तेथें ‘कार्ड’ म्हणतात. विषय दिला कीं तें आधीं नुसता आराखडा पुढें ठेवतें, आणि तो माणसानें दुरुस्त केल्यावर मगच स्लाइड्स रचतें. ही पायरी फार मोलाची आहे. कारण घर बांधून झाल्यावर भिंत हलविण्यापेक्षां नकाशांत रेघ पुसणें सोपें. वेग आणि देखणेपणा यांत गॅमा पुढें आहे. परंतु तेथील वाढणारें पान पॉवरपॉइंटच्या ठराविक चौकटींत उतरवितांना मांडणी कोठें कोठें सरकते, म्हणून बाहेर काढलेली प्रत एकदां पानोपान पाहून घ्यावी लागते.

‘ब्युटिफुल डॉट एआय’ हें २०१८ सालचें, म्हणजे या लाटेच्या आधींचें. त्यांत मांडणीचे नियमच यंत्राला शिकविलेले आहेत. तीन मुद्द्यांच्या रांगेंत चौथा घातला कीं पहिले तीन आपोआप आकसून त्याला जागा करून देतात. ज्याला रंगसंगतीचें व अंतरांचें अंग नाहीं त्याच्या हातून येथें कुरूप स्लाइड सहसा निघत नाहीं. पण हाच त्याचा दोषहि आहे : नियम मोडून कांहीं वेगळें करावयाचें म्हटलें तर यंत्र हात धरतें. एकाच धाटणीचीं सादरीकरणें वारंवार काढणाऱ्या मंडळींना तें शोभतें. आपल्या मनाप्रमाणें नकाशे आणि आकृत्या बसविणाऱ्या शिक्षकाला तें अडचणीचें.

‘कॅनव्हा’ हें ऑस्ट्रेलियांतून आलेलें साधन मूळचें चित्रकामाचें. त्याच्याजवळ नमुन्यांचें प्रचंड भांडार आहे, देवनागरी वळणेंहि पुष्कळ आहेत, आणि २०२३ पासून त्यानें कृत्रिम बुद्धीचीं निरनिराळीं उपकरणें ‘मॅजिक स्टुडिओ’ या नांवाखालीं एकत्र आणलीं. शालेय शिक्षकांना ओळख पटवून तें विनामूल्य वापरतां येतें, ही गोष्ट आपल्याकडील शाळांच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगी. मजकुराच्या बाबतींत मात्र त्याच्यावर भिस्त ठेवूं नये; त्याची कृति नटविण्यांत आहे, सांगण्यांत नाहीं. मजकूर आपला आणि पेहराव कॅनव्हाचा, अशी वांटणी केली म्हणजे तें चांगलें काम देतें.

गूगलचें ‘स्लाइड्स’ हें चार जणांनीं एकाच वेळीं एका सादरीकरणावर काम करण्यास फार सोयीचें. त्याला २०२३ सालीं ‘ड्युएट’ या नांवानें बुद्धीची जोड मिळाली. २०२४ मध्यें तिचें नांव ‘जेमिनी’ झालें. त्याच कंपनीचें ‘नोटबुक एलएम’ मात्र पहिल्या कसोटीच्या दृष्टीनें विशेष विचार करण्यासारखें आहे. त्याला माणसानें आपले कागद आधीं द्यावयाचे, आणि त्यानें मुख्यतः त्या कागदांच्या आधारेंच उत्तर द्यावयाचें; कोणतें वाक्य कोणत्या कागदांतून घेतलें तेंहि तें दाखवितें. २०२५ च्या अखेरीस त्यांत स्लाइड्स करण्याची सोय आली. पानशेतविषयीं विश्वसनीय कागद जमवून त्याच्या हवालीं केले, तर स्वैर कल्पनेला वाव कमी राहतो. कमी राहतो, नाहींसा होत नाहीं. शिवाय प्रारंभीं त्याच्या स्लाइड्स संपूर्ण चित्ररूप निघत, म्हणजे एक शब्द चुकला तरी तेवढाच पुसून लिहितां येत नसे. पहिल्या कसोटीला जें उतरतें तें दुसरीला अडखळतें, याचा हा नमुना.

‘टोम’ या साधनाची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. २०२२ मध्यें तें आलें, आणि एका वाक्यावरून सबंध गोष्ट रचण्याच्या त्याच्या हातोटीनें असंख्य लोक त्याकडे ओढले गेले. २०२५ सालीं त्याच्या चालकांनीं स्लाइड्सचें काम बंदच केलें. ज्यांनीं आपलीं सादरीकरणें वेळींच उतरवून घेतलीं नसतील त्यांच्या मेहनतीचें काय झालें असेल हें सांगावयास नको. तिसरी कसोटी कां लावावयाची, याचें उत्तर या एका उदाहरणांत आहे. परक्याच्या कोठारांत धान्य ठेवावें, पण बियाणें घरीं असावें.

आतां चौथी कसोटी, मराठी अक्षराची. येथें दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. स्लाइडवरील मजकूर खऱ्या अक्षरांचा असेल, तर तो युनिकोड पद्धतीनें लिहिलेला असतो आणि जोडाक्षरें सहसा नीट उमटतात. मात्र पुष्कळ वळणांत ‘ल’ आणि ‘श’ हीं अक्षरें हिंदीच्या धाटणीचीं येतात आणि मराठी डोळ्याला तें खटकतें. वळण बदललें कीं दोष जातो. परंतु जेथें यंत्र अक्षरांसकट सबंध चित्रच काढतें, तेथें धोका मोठा. तेथें अक्षर हें अक्षर नसून रेघांचा आकार असतो. मग वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर फुटतें, कोठें कोणत्याच लिपींत नसलेलें चिन्ह उमटतें. वापरापूर्वीं प्रत्येक साधनाला ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांस’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘वाङ्मय’, ‘उत्कृष्ट’ असे पांच शब्द लिहावयास सांगावे; त्याची योग्यता पांच मिनिटांत कळते. भाषेचेंहि तसेंच. या यंत्रांचें वाचन मुख्यत्वें इंग्रजी असल्यामुळें त्यांचें मराठी पुष्कळदां इंग्रजी वाक्याला मराठी कपडे चढविल्यासारखें असतें. तें मोठ्यानें वाचून पहावें. जेथें जीभ अडखळेल तेथें वाक्य मोडून पुन्हां लिहावें.

या सर्वांहून मोठी एक गोष्ट राहिली. स्लाइड ही केवळ शोभेची वस्तु नाहीं. तिच्यावरून निर्णय होतात आणि निर्णयांवर कधीं कधीं जीव अवलंबून असतात. १६ जानेवारी २००३ रोजीं अमेरिकेचें ‘कोलंबिया’ हें अवकाशयान उडालें, त्या वेळीं बाहेरच्या टांकीवरील फोमचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतांना त्या आघाताचा विचार झाला आणि अभियंत्यांचे निष्कर्ष स्लाइड्सवर वरिष्ठांपुढें आले. त्यांतील एका स्लाइडचें शीर्षक धीर देणारें होतें. ज्या जुन्या चाचण्यांवर तो धीर आधारला होता त्यांतील तुकडा ३ घन इंचांचा, आणि प्रत्यक्ष आदळलेला तुकडा अदमासें १९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा, ही गोष्ट त्याच स्लाइडवर अगदीं तळाशीं, पोटमुद्द्याच्याहि पोटमुद्द्यांत होती. १ फेब्रुवारी २००३ रोजीं परततांना यान भंगलें आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातहि अंतराळवीर मरण पावले. चौकशी मंडळानें त्याच वर्षीं आपल्या अहवालांत, सविस्तर तांत्रिक निबंधांच्या जागीं स्लाइड्स वापरण्याच्या संवयीवर स्पष्ट ठपका ठेवला. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकानें तर ती स्लाइड ओळीओळीनें सोडवून दाखविली.

त्या वेळीं स्लाइड्स करणारें यंत्र नव्हतें. ती स्लाइड माणसांनींच रचली होती. मग तिचा येथें संबंध काय? संबंध असा कीं, जें माणसांच्या हातून त्या दिवशीं घडलें तेंच यंत्राच्या हातून अंगवळणीं पडण्याचा संभव आहे. गुळगुळीत शीर्षक, त्याखालीं तीन सारख्या लांबीचे मुद्दे, आणि अडचणीची गोष्ट तळाशीं किंवा गायब, हा यंत्राचा आवडता सांचा होय. सर्वांत महत्त्वाचें काय आणि गौण काय, हें ठरविण्यासाठीं परिणामाची चाड असावी लागते. ती यंत्राला नाहीं. जेफ बेझोस यांनीं २००४ सालीं ॲमेझॉनच्या वरिष्ठ बैठकींतून स्लाइड्स हद्दपार करून त्या जागीं सलग गद्यांतील टिपण आणलें, त्याचें मर्महि हेंच : सलग वाक्यें लिहावयाचीं म्हटलें कीं एका विचाराचा दुसऱ्याशीं संबंध दाखवावा लागतो, आणि तो नसेल तर लिहिणाऱ्यालाच कळून येतो.

तात्पर्य, सर्वांत चांगलें साधन कोणतें या प्रश्नाला एक उत्तर नाहीं. गरजेप्रमाणें उत्तर बदलतें. अहवाल तयार असेल तर कोपायलट. कोऱ्या पानापासून झटपट आराखडा हवा असेल तर गॅमा. नीटनेटकेपणाची हमी हवी असेल तर ब्युटिफुल डॉट एआय. शाळेचें काम, थोडा खर्च आणि चित्रांची हौस असेल तर कॅनव्हा. अनेकांनीं मिळून करावयाचें असेल तर गूगल स्लाइड्स. आणि विश्वसनीय कागद हातांत असून त्यांच्या बाहेर जावयाचें नसेल तर नोटबुक एलएम. दर आणि सोयी यांत वारंवार फेरफार होतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वीं विनामूल्य भागावर दोन-चार प्रयोग करून पहावे. विद्यार्थ्यांचीं नांवें, गुण, रोग्यांचे कागद असला खासगी मजकूर कोणत्याहि साधनाच्या स्वाधीन करूं नये.

कोणतेंहि साधन घेतलें तरी कामाचा क्रम मात्र एकच ठेवावा. आधीं यंत्र बंद ठेवून, कागदावर, आपल्याला काय सांगावयाचें तें पांच वाक्यांत लिहावें. मग यंत्राकडून मांडणी करून घ्यावी. त्यानंतर प्रत्येक आंकडा, प्रत्येक सन आणि प्रत्येक नांव मूळ आधाराशीं ताडावें. ज्याला आधार सांपडत नाहीं तें निर्दयपणें काढून टाकावें. यंत्रानें काढलेलें चित्र असेल तर ‘काल्पनिक चित्र’ असें त्याखालीं लिहावें. आणि शेवटीं, सर्वांत अवघड व सर्वांत महत्त्वाची गोष्ट तळाशीं दडली नाहीं ना, हें पहावें. दडली असेल तर तीच शीर्षक करावी.

एवढें केल्यावरहि विजेचा भरंवसा नाहीं, पडद्याचा नाहीं, इंटरनेटचा तर नाहींच. अशा वेळीं अंधाऱ्या भिंतीपुढें उभें राहून ज्याला आपला विषय नुसत्या वाणीनें सांगतां येतो, त्याच्याच हातांत हीं साधनें शोभतात. ज्याला तो तसा सांगतां येत नाहीं त्याला यंत्रानें स्लाइड्स दिल्या आहेत. विषय अजून त्याचा त्यालाच मिळवावयाचा आहे.